पटावरचं नाव आणि वर्गातलं मूल

आज हप्त्यांचं बोलणं नाही, व्याजाचं नाही, शेळ्यांचंही नाही. आज आपल्याच गावातल्या अशा लेकरांविषयी बोलायचं आहे, ज्यांचं नाव शाळेच्या पटावर आहे पण वर्गात ती क्वचितच दिसतात. ओसरीवर, बाजेवर, नाहीतर दाराच्या आत बसलेली असतात ही लेकरं. पाहुणे आले की माजघरात नेली जातात. लग्नकार्य निघालं तर घरी कुणीतरी त्यांच्यापाशी थांबायचं हे ठरलेलं. आणि कोण थांबतं, तेही ठरलेलं.

आम्ही चार-पाच गटांच्या बाया मिळून यंदाच्या उन्हाळ्यात आसपासच्या वाड्यावस्त्यांवर अशा घरी जाऊन बसलो. कागद-पेन घेऊन मोजणीला गेलो नव्हतो. तसं गेलं की यादी कशाची, पैसे मिळणार का, असं सुरू होतं आणि खरं बोलणं राहून जातं. आम्ही आपला चहा घेतला, आयांशी बोललो, लेकरांशी बोललो. एका घरी आजी म्हणाली, "त्याला काही कळत नाही बाई, त्याच्याशी काय बोलायचं?" आणि ते पोरगं आजीकडे बघून गालात हसत होतं.

आधी नावाचंच घ्या. गावात अशा मुलाला त्याच्या नावानं हाक मारणारे थोडे. लंगड्या, मुकी, येडं, चकणी, हीच नावं. प्रेमानं म्हणतो असंही लोक सांगतात. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' लिहितात. कागदावरचा शब्द बदलला, शाळेची पायरी होती तेवढीच उंच राहिली. पण गावच्या नावांत अपमानाच्या पलीकडे आणखी एक नुकसान आहे. 'येडं' म्हटलं की चौकशी थांबते. एकाच 'येडं' शब्दाखाली आम्हाला चार वेगळी मुलं दिसली. एकाला ऐकू कमी येत होतं. एकीला फिट यायची आणि गोळ्या मधेच बंद केल्या होत्या. एकाला खरंच शिकायला वेळ लागत होता. आणि एकाला मेंदूचा पक्षाघात, ज्याला डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात, तो होता. त्यात हातपाय, जीभ, मान आपलं ऐकत नाहीत. लाळ गळते, बोलणं तुटक येतं. पण आतलं समजणं पुष्कळदा शाबूत असतं. चौघांना चार वेगळी मदत लागते. नाव मात्र चौघांना एकच, आणि त्या नावावर सगळं मिटलं.

एक मुलगी दुसरीपर्यंत 'ढ' म्हणून मागच्या रांगेत बसत होती. वही नाकाला लावून लिहायची. अंगणवाडीतल्या ताईंच्या ते ध्यानात आलं आणि आरोग्य तपासणीच्या गाडीतल्या डॉक्टरांना त्यांनी मुद्दाम सांगितलं. चष्मा लागला, जागा पुढच्या बाकावर झाली. आज ती तिसरीचं पुस्तक वाचते. चष्म्यानं सगळीच मुलं सुटत नाहीत, हे आम्हालाही कळतं. पण किती मुलं नुसती कुणी विचारलं नाही म्हणून मागे राहिली असतील, हा विचार डोक्यातून जात नाही.

ही गाडी कुठली ते सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून २०१३ पासून सुरू आहे. त्यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतात, पुढची गरज असेल तर जिल्ह्याला पाठवतात. आता गंमत बघा. जे मूल अंगणवाडीत, शाळेत जातं ते तपासलं जातं. ज्याला तपासणीची सगळ्यात जास्त गरज, ते घरी बाजेवर. म्हणून पथक येणार त्या दिवशी त्या मुलाला कडेवर, सायकलवर, बैलगाडीत, जसं जमेल तसं शाळेत न्यायचं. हे काम आईनं एकटीनं करायचं नाही. गटातल्या दोघींनी जायचं.

आता थोडे आकडे, फार नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं मोजली गेली. त्यातली दर दहात सुमारे सात खेड्यात राहतात. पाच ते एकोणीस वयाची अपंग मुलं पाहिली तर शंभरातली सत्तावीस शाळेत कधीच गेलेली नव्हती, आणखी बारा जाऊन सुटली होती. त्या वेळी आठच प्रकार मोजले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, वाचता-लिहिताना अक्षरं उलटसुलट होणं आहे, आणि आपल्या आदिवासी भागात घरोघरी माहीत असलेला सिकल सेलही आहे. म्हणजे मोजणीत न आलेली मुलं किती, याचा अंदाज तुम्हीच करा. आणि हे फक्त आपल्याकडे नाही. युनिसेफनं २०२१ साली सांगितलं की जगात सुमारे २४ कोटी मुलं अपंगत्व घेऊन जगतात, आणि इतर मुलांपेक्षा त्यांची शाळेचं तोंडच न पाहण्याची शक्यता जवळजवळ दीडपट असते.

पण आकड्यांपेक्षा आम्हाला एक घरचा हिशोब जास्त बोलका वाटतो. गटात आपण सगळ्याच हिशोब करतो, तर हाही करू. धरून चालू की शेतमजुरी दिवसाला ३०० रुपये. मूल घरी आहे म्हणून आई आठवड्यातले तीन दिवस कामाला जात नाही. आठवड्याचे ९०० गेले, महिन्याचे ३६०० गेले. समग्र शिक्षा योजनेत अपंग मुलीला महिन्याला २०० रुपये प्रोत्साहन भत्ता आहे, वर्षातले दहा महिने. तो घ्यावाच, सोडू नये. पण २०० कुठे आणि ३६०० कुठे! त्या घरची खरी मिळकत मूल शाळेत गेल्यावर वाढते, कारण आईचे हात मोकळे होतात. आपल्या गटांतून हप्ते थकतात त्या बायांची नावं एकदा काढून बघा. त्यातल्या किती जणींच्या घरी असं मूल आहे? आम्ही बघितलं, आणि त्यानंतर 'हप्ता का नाही' हे विचारायची आमची पद्धत बदलली.

आणि आई कामाला जातेच, असंही घर असतं. मग मुलापाशी कोण? मोठी बहीण. सहावी-सातवीत शाळा सुटते तिची. मुलगी म्हणून आणि ताई म्हणून, दोन्ही बाजूंनी. एका अपंग मुलाचं शाळेत नसणं म्हणजे पुष्कळ घरांत दोन मुलांचं शाळेत नसणं असतं. दुसरीची गणती कुठल्याच रकान्यात होत नाही.

मग अडतं कशानं? आम्ही घरोघरी हेच विचारलं. उत्तरं ऐकून चकित व्हाल. एका ठिकाणी शाळेच्या तीन पायऱ्या. एका ठिकाणी श्रवणयंत्राचे सेल संपले होते. यंत्र फडताळात, मूल घरात. एका ठिकाणी शिबिरात चाकाची खुर्ची मिळाली होती, पण ती मोठ्या माणसाच्या मापाची. त्यात पोर एका बाजूला कलंडत होती, म्हणून तिच्यावर आता धान्याची पोती ठेवतात. कुठे रस्त्यातला ओढा. कुठे दुसऱ्या मुलांच्या आया म्हणाल्या, "आमच्या पोरांना सवय लागेल." कसली सवय लागणार होती ते त्यांनाच ठाऊक.

आणि मुलींच्या बाबतीत, बायांनो, संडास. बारा वर्षांची मुलगी, एका पायानं अधू. शाळेतलं भांडं खाली बसायचं, धरायला काही नाही, कडी आतून लागत नाही. पाळी सुरू झाली आणि आईनं शाळा बंद केली. आम्ही असत्या तर आम्हीही विचार केला असता. त्या आईला अडाणी म्हणू नका. तिला मुलीची अब्रू राखायची होती आणि शाळेनं तिला दुसरा मार्ग ठेवला नव्हता. भिंतीत एक लोखंडी दांडा, बसायला भोक पाडलेली मजबूत खुर्ची आणि चांगली कडी, एवढ्यानं ती मुलगी परत जाऊ शकते.

उताराचंही सांगतो, कारण बऱ्याच शाळांत रॅम्प आहे, कागदावर 'आहे' अशी खूणही आहे, आणि तो घसरगुंडीसारखा आहे. त्यावरून खुर्ची चढत नाही, उतरताना मूल तोंडावर पडतं. हिशोब सोपा आहे: एक वीत उंची असेल तर बारा वीत लांबी. ओटा दोन फूट उंच तर उतार चोवीस फूट लांब, आणि बाजूला कठडा. पुढच्या वेळी शाळेत गेलात की आपल्या विती मोजून बघा. इंजिनियर लागत नाही त्याला.

आता सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत जागा आहे. २०१६ च्या कायद्यानं चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ही मुदत अठरा वर्षांपर्यंत वाढवली. शाळा जवळची निवडायची की विशेष शाळा, हे मूल आणि पालकांनी ठरवायचं. अपंगत्वाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश अडवू शकत नाही. दाखला भत्त्याला लागतो, साधनांना लागतो, वर्गात बसायला लागत नाही. इथवर सगळं चांगलं आहे.

पण २०१२ साली शिक्षण हक्क कायद्यात एक सोय घातली: तीव्र अपंगत्व किंवा एकापेक्षा जास्त अपंगत्वं असलेल्या मुलाला घरीच शिकवायचा पर्याय. ज्या मुलाला खरोखर हलवता येत नाही, सतत आजारी असतं, त्याच्यासाठी ती सोय मोलाची आहे. गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक घरी येतात, आईला शिकवतात, व्यायाम दाखवतात. काही शिक्षक फार जीव लावून करतात हे काम. आम्ही पाहिलेत, पावसात मोटरसायकल ढकलत येणारे. पण एकेका शिक्षकाकडे किती गावं, किती मुलं! महिन्यातून एक फेरी, कधी दोन महिन्यांतून. आणि नाव तर पटावर आहेच. कागदावर मूल शिकतं आहे. शाळा निवांत, आई गप्प, मूल बाजेवर. घरी शिकण्याची सोय अशी घरीच ठेवण्याची परवानगी होऊन बसते.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. तुमच्या गावात ज्या मुलाच्या नावापुढे 'गृहाधारित शिक्षण' असं लिहिलं असेल, त्याच्या आईला जाऊन विचारा: तुला हे कुणी समजावून सांगितलं होतं का? शाळेत पाठवायचाही हक्क आहे हे सांगितलं होतं का? की दाखवली जागा आणि केली सही? हा पर्याय आहे, सक्ती नाही. दुसऱ्या वर्षी बदलता येतो. रोज नाही जमलं तर आठवड्यातून तीन दिवस, पूर्ण वेळ नाही तर मधल्या सुट्टीपर्यंत, असंही सुरू करता येतं. खिचडीच्या पंगतीत बसून आलेलं मूल संध्याकाळी वेगळंच बोलतं, हे त्या आयाच सांगतात.

आता तुम्ही म्हणाल, पैसा असलेल्या देशांचं हे चालतं, आपल्यासारख्यांचं काय? तर आपल्यासारख्यांचीच दोन उदाहरणं सांगतो.

आफ्रिकेत युगांडा नावाचा देश आहे. शेतीवर जगणारा, गरीब. तिथल्या सरकारनं १९९७ साली प्राथमिक शिक्षण मोफत केलं. पैसा तोकडा, म्हणून सुरुवातीला एका घरातली चार मुलं असं ठरवलं. आणि त्यात नियम घातला की घरात अपंग मूल असेल तर त्या चारांत त्याची जागा आधी. आपल्याकडे काय होतं? पैसे कमी पडले तर त्याच मुलाचं शिक्षण सगळ्यात शेवटी. तिथं सरकारनं रांगच उलटी केली. ही गोष्ट आम्हाला फार आवडते. पण पुढचंही सांगायला हवं. एका वर्षात त्या देशातल्या शाळांचा पट तीस लाखांच्या आसपास होता तो पन्नास लाखांच्या वर गेला. खोल्या तेवढ्या नव्हत्या, शिक्षक तेवढे नव्हते. खालच्या वर्गात एका शिक्षकासमोर शंभर-शंभर मुलं बसली. शंभरात जे मूल ऐकत नाही किंवा बघत नाही, त्याच्याकडे कोण पाहणार? दार उघडलं आणि आत बसायला जागा नाही, असं झालं. आपल्या शाळेत दोन शिक्षकांवर पाच वर्ग चालतात, तेव्हा हे आपल्यालाही लागू आहे. शिक्षकाची रिकामी जागा भरा ही मागणी अपंग मुलाचीही मागणी आहे.

दुसरं उदाहरण मेक्सिको देशातल्या डोंगराळ भागातल्या आहोया या खेड्याचं. तिथं १९८० च्या सुमारास गावकऱ्यांनी अपंग मुलांसाठी एक काम सुरू केलं. त्याचं नाव प्रोहिमो. विशेष म्हणजे काम चालवणारी बरीच माणसं स्वतः अपंग होती, फार शिकलेली नव्हती. त्यांच्यासोबत डेव्हिड वॉर्नर नावाचे एक शिक्षक होते. त्यांच्याही पायांत लहानपणापासून दोष. गावातच कुबड्या, खुर्च्या, पायाचे पट्टे बनवू लागले. दुकानातल्या महाग वस्तूऐवजी लाकूड, दोर, जुने टायर. वॉर्नर यांनी १९८७ साली ते सगळं चित्रांसकट एका जाड पुस्तकात लिहिलं, आणि ते गरीब देशांतल्या खेड्यांत कामाला येतं आहे.

त्यातली एक गोष्ट तुमच्या-माझ्या गावात उद्या होईल अशी आहे. तिथं अपंग मुलांसाठी खेळाची जागा बनवायची होती. बनवायला गावातल्या शाळेच्या मुलांना बोलावलं, आणि सांगितलं की तुम्हीही इथं खेळायचं. मुलांनी खांब आणले, झोके बांधले, हाताला धरून चालायचे दोन आडवे बांबू रोवले. मग खेळताना कोण अपंग, कोण नाही, याचं कुणाला पडलं नाही. आपल्या आया म्हणतात ना, 'सवय लागेल', तर अशी सवय लागते. आणखी एक खेळ त्यात आहे. मुलांनी कानात कापसाचे बोळे घालून बाईंचा धडा ऐकायचा आणि नंतर काय कळलं ते सांगायचं. एकदा आपल्या शाळेत करून बघा. दहा मिनिटांत सगळा वर्ग ओळखतो की अमक्याला 'ढ' म्हणणं किती चुकीचं होतं.

कानाचं निघालं म्हणून एक वेगळं मत मांडतो. सगळ्या मुलांना गावच्याच शाळेत घाला, असं आम्ही म्हणत नाही. ज्याला अजिबात ऐकू येत नाही, त्याची भाषा हातांची असते. गावच्या वर्गात ती भाषा येणारं एकही माणूस नसेल तर ते मूल चाळीस जणांत बसूनही एकटंच. त्याला जिल्ह्याच्या कर्णबधिर शाळेत आपल्यासारखी मुलं भेटतात, भाषा मिळते. आईचा जीव तुटतो, सहा-सात वर्षांचं लेकरू वसतिगृहात ठेवताना. तरी अशा वेळी 'सगळ्यांसोबत' या शब्दाला धरून बसू नये, असं आम्हाला वाटतं. शाळा बघून या, मुलांशी बोला, मुलींची राहण्याची सोय रात्री कोण बघतं ते विचारा, आणि मग ठरवा. आणि सुट्टीत मूल घरी आलं की त्याचे हात काय बोलतात ते घरच्यांनीही शिका. नाहीतर घरीच परकं होतं ते.

आता आपल्या हातात काय आहे ते बघू. शाळा व्यवस्थापन समिती आपल्याला माहीत आहे. त्यात चारात तीन सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया. वंचित घटकातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायची असते, आणि २०१२ पासून अपंग मूल हे कायद्यानं त्या घटकात येतं. तुमच्या समितीत अशा मुलाची एक तरी आई आहे का? नसेल तर पुढच्या निवडीच्या सभेला तिला घेऊन जा. ती पहिल्यांदा बोलणार नाही. शेजारी बसा, दुसऱ्यांदा बोलेल.

दुसरं, ग्रामपंचायत. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं हे ते उत्पन्न. समजा चार लाख जमा झाले, तर वीस हजार. बहुतेक गावांत हे पैसे दिवाळीच्या आसपास सगळ्यांना सारखे वाटून टाकतात, नाहीतर खर्चच होत नाहीत. वाटलेल्या पैशाला आम्ही नाव ठेवत नाही, घरात तेल-मीठ येतं त्यातून. पण त्यातला काही भाग शाळेच्या उतारावर आणि संडासातल्या दांड्यावर घातला तर तो दरवर्षी कामाला येतो. सार्वजनिक ठिकाणचे अडथळे काढायला हा निधी वापरता येतो. एकदा बांधलेला उतार म्हातारी माणसं चढतात, गरोदर बाई चढते, मतदानाला येणारे सगळेच चढतात.

तिसरं दाखल्याचं, ज्याला आता यूडीआयडी कार्ड म्हणतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग जिल्हा किंवा ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी. सांगायला सोपं, पण एसटी बदलत, मूल कडेवर घेऊन, दिवस मोडून जायचं आणि तिथं कळायचं की आज ते डॉक्टर नाहीत. अशा दोन खेपा झाल्या की आई नाद सोडते. आम्ही आता असं करतो: आधी फोन करून कुठल्या वारी कुठले डॉक्टर ते विचारतो, चार-पाच मुलं एकत्र करून एकच गाडी ठरवतो, भाडं गटाच्या निधीतून. एका वाचणाऱ्या मुलीला सोबत घेतो, फॉर्म तिथंच वाचायला. लहान मुलाचं कार्ड काही वेळा मुदतीचं असतं, तर मुदत कधी संपते ते गटाच्या वहीत लिहून ठेवतो, हप्त्याच्या तारखेसारखं.

आणि मोठ्या मुलांसाठी एक. दहावी-बारावीच्या परीक्षेत अपंग विद्यार्थ्याला जादा वेळ मिळतो, तासाला वीस मिनिटं. हात चालत नसेल, दिसत नसेल तर लेखनिक मिळतो. पण त्याचा अर्ज शाळेमार्फत आधी जावा लागतो. हॉलतिकीट हातात आल्यावर धावपळ करून काही होत नाही. शाळा सुरू झाली की जून-जुलैतच मुख्याध्यापकांना विचारून ठेवा, आणि उत्तर तोंडी नको, लेखी मागा.

ज्या तीन पायऱ्यांचं सांगितलं ना मघाशी, तिथल्या बायांनी मागच्या ग्रामसभेत विषय काढला. सरपंच म्हणाले, एकाच मुलासाठी एवढा खर्च? एक म्हातारी उठून म्हणाली, "माझ्या गुडघ्यांचं धर की मग दोन." सभा हसली. ठराव झाला. उतार अजून बांधायचा आहे, गवंडी पाहिला आहे, बारा वितींचा हिशोब त्याला आम्हीच सांगितला.

पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला. तिच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, आणि तिथं झालेला ठराव ग्रामसभेपुढे जातो. महिला सभा तुमच्याकडे कधी ठेवली आहे ते ग्रामसेवकांना आजच विचारा. आणि तिथं जाताना आपल्या गल्लीतली ती आई सोबत घ्या, आणि मुलालाही. बसायला गोधडी न्या.